तुझ्यावाचून अडलेली खोली

क्लिफ्टन,

तिसरी बैठकही तुझ्यावाचून फिसकटली. गोऱ्यांनी बळकावलेली आपली जमीन परत मिळाल्यापासून इथल्या सहा पोरींना रानराखणीचं काम मिळालं, शहरात गेलेली दोन घरं परतली. आता आपल्याच जमिनीवर डायलिसिसची खोली बांधायची आहे. सगळे हो म्हणतात. पण मर्विनकाका म्हणाले, "जमीन त्याचीही आहे. त्याला न विचारता ठरवायचं, तर गोऱ्यांनी वेगळं काय केलं होतं?"

आई चार वर्षं त्या मशीनपायी डार्विन शहरात अडकली आहे. तुझ्यापासून दहा मिनिटांवर, तरी तू तिच्याकडे फिरकत नाहीस. फोनवर मला विचारते, "क्लिफ्टन बैठकीला आला होता ना?" मी हो म्हणते. काल म्हणाली, "मग अजून अडलंय कुठे गं?"

बाबांच्या मातीला आला नाहीस, म्हणून तुला इथे तोंड दाखवायची लाज वाटते, हे मला कळतं. कुणी काही विचारणार नाही. विचारलंच, तर मी आहे.

हे पत्र टाकत नाही. वाचून तू आणखी लपशील. उद्या सकाळी गाडी काढते आणि तुझ्या दारात येते. काय भांडायचं ते परतीच्या वाटेवर भांडू.

तुझ्यावर चिडलेली तुझी बहीण,
रेलीन