कमरेत अर्धा इंच

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून राग सोडला. सरांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हाही एवढं हलकं वाटलं नव्हतं.
कारण: समोरच्या मेडिकलमध्ये बसते ती आज आमच्या दुकानात आली. आमच्या म्हणजे मावशीच्या. आल्टरेशनचं दुकान. आईने मला इथे तात्पुरतं बसवलंय, त्याला दीड वर्ष झालं.
माझ्याकडे बघून हसली. मग पिशवीतून लग्नाचा ड्रेस काढला. मोतिया रंगाचा, गळ्यापासून कमरेपर्यंत काचेचे मणी आणि टिकल्या. म्हणाली, ताईचा आहे. ताई परगावी नोकरीला, लग्नाच्या तोंडावर येणार. दोघींचा बांधा एकच, तेव्हा माप माझ्यावरच घ्या.
ताई. बरं.
दीड वर्ष समोर बसलोय. एकदाही ताई दिसलेली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ट्रायल. मावशी टाचण्या लावत होती, मी डबी धरून उभा. ती आरशात स्वतःकडे बघून हसली. दुसरीच्या लग्नाच्या ड्रेसमध्ये कोणी असं हसतं का? नंतर मावशीला विचारलं. ती म्हणाली, गिऱ्हाइकांचे निम्मे ड्रेस मी अंगाला लावून हसून घेतलेत, तू डबी नीट धरत जा.
मावशीलाही सामील करून घेतलेलं दिसतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
काम असं: कमरेत दोन्ही बाजूंनी अर्धा इंच आत घ्यायचा. आधी शिवणीवरचे मणी उसवायचे, मग शिवण, मग मणी परत टाकायचे. मावशीने सगळं माझ्यावर सोपवलं. हाताला काम असलं की तुझं डोकं ताळ्यावर राहतं, म्हणे. ताळ्यावरच आहे. एक सुई मोडली, पण ती जुनी होती.
ती स्वतः चहा घेऊन आली. कॉलेजचं काय ठरवलंस म्हणाली, घरी विचारतात. लग्न ठरलेल्या मुलीच्या घरी माझ्या कॉलेजशी काय देणंघेणं? टिंगल चालत असणार. बाणेदारपणे चहा प्यायलो.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
पुरावा मिळाला. एक हेल्मेटवाला तिला स्कूटरवरून घेऊन गेला. हेल्मेट काढलं नाही. मनात पाप नसलेला माणूस हेल्मेट काढतो.

संध्याकाळी
सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, ते माझे होणारे भावजी, हॉल बघायला गेलो होतो. उत्तर तोंडपाठ. खरं बोलणाऱ्याला इतकं पटकन सुचत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आज कळस झाला. म्हणाली, रविवारी लग्नाला ये हं, घरी सांगून ठेवलंय तू येणार म्हणून. स्वतःच्या लग्नाला मला बोलावते, आणि वर लाजते.
मावशी पडद्यांची मापं घ्यायला बाहेर गेली होती. अर्ध्याऐवजी एक इंच आत घेतला, दोन्हीकडून. आता शेवटच्या ट्रायलला ड्रेस आवळेल, ती कासावीस होईल, मी शांतपणे म्हणेन, आता तरी खरं सांग. रागाचा संबंधच नाही. शिवण अगदी सरळ आलीय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मणी टाकून झाले. पण शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, ज्याला माया म्हणतात, ते फुगून दिसायला लागलं. मावशी माया कधी कापू देत नाही, पुढे ड्रेस सैल करायचा झाला तर लागते म्हणून. पण फुगवटा बघून तिला संशय आला असता. संशयी स्वभाव आहे तिचा. कापली.
ट्रायलला ती आलीच नाही. निरोप पाठवला: मेडिकलमध्ये गर्दी आहे, शुक्रवारी ताईच येऊन घालून बघेल.
अजून ताई चालूच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
ताई आहे.
उंच, चष्मा, नाक हिचंच. सोबत हेल्मेटवाला, हेल्मेट हातात. ताईने ड्रेस घातला, चेन अर्ध्यावर अडकली. ही रडली. मावशीने ड्रेस उलटा करून शिवण बघितली, मग मला बघितलं. म्हणाली, माया कुठे गेली? मी कापडाच्या क्वालिटीबद्दल बोलायला सुरुवात केली. मावशीने थांबवलं.
हिने विचारलं, का केलंस? मी खरं तेच सांगितलं: मला वाटलं लग्न तुझंच आहे. म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना. आणि माझं असतं, तर हे चाललं असतं?
याला उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

१५ फेब्रुवारी, शनिवार
मावशीने ड्रेससोबतची ओढणी कापून कमरेला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडल्या. त्यांच्यावर मणी मी टाकले. बोटांची चाळण झाली. ती येऊन बघेल म्हणून बँडेज लावलं नाही. ड्रेस न्यायला भावजी आले. तिचा निरोप होता: उद्या येऊ नकोस.
शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. रागात माणूस काहीही बोलतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. स्वाभिमान.
मावशी जाऊन आली. ड्रेस छान बसला म्हणाली. तिची आई तिला विचारत होती, तू सांगायचीस तो मुलगा आला नाही का? ती म्हणाली, कुठला मुलगा?
हे म्हणताना चेहरा कसा होता, मी विचारलं. मावशी म्हणाली, जेवत होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार
बोलायला निमित्त हवं म्हणून मेडिकलमध्ये जाऊन डोकेदुखीची गोळी मागितली. म्हणाली, डॉक्टरांची चिठ्ठी आहे का?
म्हणजे रागावलीय. म्हणजे मनात अजून काहीतरी आहे. किंवा सरकारचा नवा नियम असेल. खात्री करायला काउंटरच्या कडेला थांबलो.
माझ्या मागच्या आजोबांना तीच गोळी बिनचिठ्ठीची दिली. वर पाणीही दिलं.