माळकऱ्याच्या देवघरातली गोगलगाय

मांजरी, पुणे

आदरणीय सर्जेराव दाजींस,

गेनबाचा रामकृष्णहरी. आपली तब्येत बरी असेल, मुक्ताआक्काचे गुडघे कुरकुरत नसतील आणि तिकडे लोणी गावात पाणी वेळेवर येत असेल, असं धरून चालतो. (तसं नसेल तर कळवू नका, मला झोप लागत नाही.) इकडे सर्व ठीक आहे. फक्त माझी माळ राहते की जाते, ते कळेनासं झालं आहे.

झालं असं, की आमच्या साईनाथनं नव्या फ्लॅटच्या देवघराला राजस्थानचा पिवळा दगड बसवला. मी म्हणालो होतो, काळा कडप्पा घाल, हळदकुंकू उठून दिसतं. पण सूनबाईंना पिवळाच हवा होता. दगड बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समईशेजारी मला चक्र दिसलं. रुपयाएवढं, आत आत वळत गेलेलं. दाजी, मी हात जोडले. गंध लावलं, तुळस वाहिली, भजनी मंडळाला बोलावून दाखवलं. मंडळी म्हणाली, गेनबांच्या घरी साक्षात सुदर्शन उगवलं. मी नको नको म्हणत सगळ्यांना चहा पाजला.

मग स्वराली आली. (साईनाथची थोरली. कॉलेजात दगड शिकते. एवढ्या लांब जाऊन दगड शिकायचे, तर आपल्या शेतात काय कमी होते?) तिनं दगडावर पाणी शिंपडलं, मोबाइलचा उजेड धरला आणि म्हणाली, "आजोबा, हा शंख आहे. आत गोगलगायीसारखा प्राणी राहायचा. सोळा कोटी वर्षं तरी झाली असतील."

मी म्हणालो, राजस्थानात वाळू आहे, उंट आहेत, शंख कुठून येईल? तर म्हणे तिथं तेव्हा उथळ, कोमट समुद्र होता. प्राणी मेले, तळाशी पडले, त्यांच्यावर गाळ बसत गेला, थरावर थर साचले आणि त्यांचा दगड झाला. शिंपल्यांचा चुरा दिसला तर तिथं लाटा आपटत होत्या, बारीक गाळात अख्खे राहिले तर पाणी शांत होतं, असं नुसतं बघून सांगते. (आमच्या देवघरात उजवीकडे लाटा होत्या आणि डावीकडे शांत. समई मी डावीकडे सरकवली.) मी घाबरून विचारलं, समुद्र परत येईल का? खडकवासल्यातून पाणी सोडलं तरी आमचा नदीकडचा रस्ता बंद होतो, इथं तर अख्खा समुद्र. ती म्हणाली, "तुमच्या हयातीत नाही." तिचं बोलणं आता पुरतं पुण्याचं झालं आहे.

पण समुद्राचं एक वेळ राहू द्या. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. केकमध्ये अंडं असल्याचा संशय आला तरी मी खिडकी उघडतो. आणि इतके दिवस नैवेद्याचं ताट त्या प्राण्यावर ठेवत होतो आणि तेच पुढे ओढून जेवत होतो. स्वराली म्हणते, त्यात मांस कणभर उरलेलं नाही. मी म्हणालो, माशाच्या काट्यालाही मांस नसतं, म्हणून तो देवापुढे ठेवायचा का? तनुजा, म्हणजे सूनबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बाबा, कदाचित ती गोगलगाय शाकाहारी असेल." परवापासून नैवेद्य मी गॅलरीत दाखवतो. कबुतरांची सोय झाली आहे.

तरी आपल्या महाराजांना विचारावं, की इतक्या जुन्या मयताचा दोष लागतो का. माळ त्यांनीच घातली आहे, ती उतरवायला मी दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही.

आक्काला नमस्कार.

आपला,
गेनबा

ता. क. : चक्राचं खरं काय ते भजनी मंडळाला अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी पलीकडच्या इमारतीतून बायका दर्शनाला येणार आहेत. त्यांनी हार आधीच पाठवला आहे.

आणखी ता. क. : पत्र संपवून तंबाखू मळायला बसलो, तर स्वराली डबीकडे बघून म्हणाली, "आजोबा, तो चुनाही चुनखडी भाजूनच करतात. आणि चुनखडी म्हणजे बहुतेक असल्याच शिंपल्यांचा चुरा." मी तिला काही विचारलं नव्हतं. दाजी, चुना मी माळ घालायच्या आधीपासून खातो आहे.

शेवटचा ता. क. : म्हणून महाराजांना फक्त देवघराचंच विचारा. चुन्याचा विषय निघालाच, तर त्यांच्या पानाला चुना लावून होऊ द्या, विडा तोंडात जाऊ द्या, आणि मग विचारा. त्याआधी नको.