फ्रिजमधला दिवा आणि कलम चार

कोपरगाव,
रविवार, दुकान बंद

प्रिय मित्र शमुवेल यांस,

कानिफनाथचा सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त. दीनावहिनींचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी मी सांगितलेला शेक त्यांनी घेतलेला नसणार हे मला माहीत आहे, तरी विचारतो. तुझी शाळा, तुझी ढोलकी आणि अंगणातला फणस हे तिन्ही ठीक असतील असे धरून चालतो. इकडे केशर बरी आहे (माझ्यावर रागावलेली आहे, पण प्रकृतीने बरी आहे). फोन का केला नाही म्हणशील, तर भंडारदऱ्याला तुझ्या घरात रेंज नाही, आणि पाण्याच्या टाकीवर चढून तू जेवढा वेळ उभा राहतोस तेवढ्यात माझी प्रस्तावनाही होत नाही. शिवाय आपल्या प्रोग्रेसिव्ह रॉक श्रोते मंडळाच्या घटनेप्रमाणे बाहेरगावच्या सभासदाशी विचारविनिमय लेखीच करायचा असतो. घटना मीच लिहिली आहे, तेव्हा निदान मी तरी ती पाळली पाहिजे.

शमुवेल, मी जे सिद्ध केले आहे ते वाचताना तू उभा असशील तर आधी बस. तऱ्हेवाईक सिंथ-पॉप हा प्रोग्रेसिव्ह रॉकच आहे! तुला फोड करून सांगायला नको, पण माझी पत्रे दीनावहिनीही वाचतात म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. रॉक म्हणजे गिटार आणि ड्रमचा दणका. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे त्याच दणक्याला अभ्यासाला बसवलेले : गाणी लांबलचक, ताल वाकडे, मधे ऑर्गन, आणि शेवटी नेमके काय झाले यावर आपण चहा पीत चर्चा करतो. सिंथ-पॉप म्हणजे सिंथेसायझरवर (ज्याला आपल्या तालुक्यात सगळे कॅसिओच म्हणतात) केलेले सुटसुटीत, गुणगुणता येण्याजोगे गाणे. ते तऱ्हेवाईक केव्हा होते हे कळायला माझ्या अश्विनीचे गाणे ऐकावे लागेल, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला आहे.

अश्विनी तुला आठवते ती माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या टेबलाखाली बसून तांब्याच्या तारेच्या बांगड्या करणारी. ती आता पुण्यात दिवसा एका कंपनीत नोकरी करते आणि संध्याकाळी गाणी करते. तिचे नवे गाणे फ्रिजमधला दिवा गातो. त्याची तक्रार अशी, की दार उघडले की सगळे माझ्या उजेडात दही शोधतात, पण दार लागल्यावर मी पेटलेला असतो की विझलेला हे कोणी कधी विचारले? (विझलेला असतो. दाराच्या चौकटीत एक पांढरे बटण असते, दार लागले की ते दाबले जाते आणि दिवा जातो. हे मी तिला फोन करून सांगितले. ती म्हणाली, बाबा, गाण्यात ते बटण नाहीये.) आवाज यंत्रमानवासारखा, ताल सात मात्रांचा, आणि मधे माझ्या वाइंडिंग मशीनची टिकटिक. ती टिकटिक तिने दिवाळीत येऊन मोबाईलवर टिपून नेली. मला वाटले माझा व्हिडिओ काढते आहे, म्हणून मी केस विंचरून बसलो होतो.

तर माझी इच्छा अशी, की मंडळाच्या वर्धापनदिनाला अश्विनीने पतसंस्थेच्या हॉलमध्ये वाजवावे. अकरा वर्षांत आपण त्या मंचावर फक्त स्पीकर मांडले आणि समोर बसून त्यांच्याकडे बघत राहिलो, जिवंत माणूस एकदाही चढला नाही. पहिला चढणारा माझ्या घरातला असावा असे वाटले तर त्यात काय चुकले? पण आडवे आले कलम चार : मंडळाच्या कार्यक्रमात प्रोग्रेसिव्ह रॉकखेरीज काहीही वाजणार नाही. कलम चार कोणी लिहिले हे तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही.

मी समितीत विषय काढला, आणि अपेक्षेप्रमाणे आपला सुनील उठला. सुनील साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. उसाच्या रसातून साखर किती निघेल तो उतारा काढण्यात त्याची हयात गेली, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीचा उतारा काढता येतो अशी त्याची समजूत आहे. मी त्याला सात मात्रा मोजून दाखवल्या. अश्विनीची दुसरी दोन गाणी (एक मिक्सरचे, एक बंद पडलेल्या डोअरबेलचे) पुढे ठेवून तिन्हींमधून जाणारे कथासूत्र उलगडले. सूत्र असे, की घरातल्या वस्तूंना माणसांचा कंटाळा आला आहे. एवढा विचार इंग्लंडमधल्या लांब केसांच्या मंडळींनी मांडला असता तर सुनीलने वही काढली असती. इथे त्याने फक्त नाक खाजवले आणि आपली कसोटी सांगितली : हळदीत ज्या गाण्यावर पोरं नाचतील ते पॉप, ज्यावर त्यांचे पाय अडकतील ते आपले. त्याच्या पुतण्याची, अमृतची, हळद चार दिवसांवर होती. मी कसोटी तिथल्या तिथे मान्य केली. सातवर कोपरगावात कोण नाचतो? मला तेव्हाच अश्विनी मंचावर दिसू लागली.

हळदीच्या संध्याकाळी मी पेनड्राइव्ह घेऊन हजर. त्याच्यावर पहिली फाईल मी स्पीकर तपासायला ठेवलेल्या गुणगुणाटाची होती (गिऱ्हाइकाच्या अँप्लिफायरची घरघर कुठून येते ते तिच्यावरून नेमके कळते, एकदा दाखवीन). डीजेवाल्याने तीच लावली. मांडवाला वाटले जनरेटर बिघडला. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी धावत जाऊन तो बंद केला, गुडूप अंधार झाला, आणि त्या अंधारात कोणीतरी हळदीचे ताट माझ्या छातीवर टेकवले. शर्ट पांढरा होता, केशरने माहेरी भावाकडून आणलेला. तिचा राग तो हा.

मग उजेड आला आणि गाणे लागले. शमुवेल, काय सांगू! पोरं सवयीने चार मोजून हात वर करायची, तोवर गाणे त्यांना मागे टाकून गेलेले असायचे. नवऱ्या मुलाचा मित्र ओम तर मधेच थांबून आपल्या पायांकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्याचेच आहेत. मांडव ओस पडत चालला. मंडळाचा अध्यक्ष म्हणून मला अत्यानंद झाला. बाप म्हणून मात्र बघवेना. माझ्या लेकीचे गाणे, आणि लोक खुर्च्या शोधतात. या दोन्हींचा मेळ घालत मी उभा होतो, तेवढ्यात सुनीलची चुलती, बायकांच्या भजनी मंडळाच्या आक्काबाई, नऊवारीचा पदर खोचून मांडवाच्या मधोमध आल्या.

“पोरान्नो, चार कशाला मोजताय? ह्यो सातचा ठेका हाय, रूपक. आमी दर एकादशीला धरतो,” असे म्हणून त्यांनी टाळी धरली, तीन, दोन, दोन. मागून त्यांच्या सगळ्या बायकांनी धरली. मग पोरांनी. मग पाहुण्यांनी. आचाऱ्याने झाऱ्याने कढईवर धरली. शेवटी अख्खी हळद सातवर फुगडी घालू लागली आणि फ्रिजमधल्या दिव्याला आणखी दोनदा लावायला सांगण्यात आले. मी पिवळ्या शर्टात उभा, डोळ्यांत पाणी (आनंदाचे), आणि शेजारी सुनील.

“कानिफभाऊ,” तो म्हणाला, “पोरीनं वऱ्हाड नाचवलं राव. आता तिला कलम चारात कुठं बसवतो?”

दोन दिवस दुकानात मन लागले नाही. एका गिऱ्हाइकाची पाणबुडी मोटार मी उलटी फिरेल अशी जोडून दिली, यावरून काय ते समज. आणि तिसऱ्या दिवशी, तीच मोटार सुलटी करताना, लख्ख उजेड पडला : कसोटी एकाच बाजूने का लावायची? आक्काबाईंचे भजनी मंडळ सुनीलच्या ओट्यावर जमते त्या दुपारी मी रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि आपली ती रेकॉर्ड घेऊन गेलो. कोणती ते सांगायला नको. जी लावण्याआधी आपण पंखा बंद करतो ती. सुनीलच्या मते जिच्यावर माणसाने हलणेसुद्धा शिष्टसंमत नाही ती. सुई टेकवली. आक्काबाईंनी दोन फेऱ्या ऐकून घेतल्या, टाळी धरली, आणि बायका उठल्या. शमुवेल, त्या संपूर्ण रेकॉर्डवर नाचल्या! ऑर्गनचा संथ भाग आला तेव्हा बसून चहा घेतला, आणि ड्रम पुन्हा सुरू होताच कप खाली ठेवून परत उठल्या. शेवटी आक्काबाईंनी अभिप्राय दिला, “ब्येस हाय, पन लांबलंय. पोरीचं जास्त ठसक्यात हुतं.”

म्हणजे सुनीलच्या कसोटीने आपण अकरा वर्षे पंखा बंद करून पॉप ऐकत होतो. सुनील ओट्याच्या पायरीवर जाऊन बसला. मी जिंकल्याचा आव आणला नाही, फक्त त्याला चहा पाजला आणि मग जिंकलो असे सांगितले.

तेव्हा अनुमान सरळ आहे. नाचता येणे हा दोष नव्हे, निदान नगर जिल्ह्यात नव्हे. उरले वाकडा ताल, कथासूत्र आणि विचार करायला लावणे, ती तिन्ही अश्विनीपाशी आहेत. लांबीचे म्हणशील, तर तिची तिन्ही गाणी मधे न थांबता लावली की झाली लांब. “तऱ्हेवाईक सिंथ-पॉप हा प्रोग्रेसिव्ह रॉकचाच प्रकार मानण्यात यावा” असा ठराव मी वार्षिक सभेपुढे रीतसर मांडला आहे. सातजणांत तीन माझ्या बाजूला, तीन सुनीलच्या. सातवा तू. वर्धापनदिनाचा कार्यक्रम सभेला लागूनच आहे, तेव्हा जातीने यावे आणि न्याय करावा. दीनावहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझा,
कानिफनाथ

ता. क. : वरील पत्र पाकिटात घालताना अश्विनीचा फोन आला. मी तिला आनंदाने सगळे सांगितले. ती म्हणाली, “बाबा, मला प्रोग्रेसिव्ह म्हणणार असाल तर मी येणार नाही. लहानपणी तुमचं एक गाणं संपेपर्यंत माझा सगळा गृहपाठ व्हायचा. म्हणून तर मी छोटी गाणी करते.” तेव्हा तुला कळकळीची विनंती, की माझ्या ठरावाला कडाडून विरोध कर. तो मला मागे घेता येत नाही, कारण अध्यक्षाने मांडलेला ठराव मागे घेता येणार नाही हे कलम नऊ (तेही माझेच). मला हरव. वर मी दिलेली एकूण एक कारणे खोडून काढ. ती पक्की आहेत, जपून कर. सुनीलला संशय येऊ नये म्हणून मी थोडा चिडेन.

आणखी ता. क. : मग ती वाजवणार कशी, असे विचारशील. अजेंड्यावर शेवटी “मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय” असते ना? त्यात काय यावे याबद्दल घटनेत अक्षरही नाही, आणि कलम चार कार्यक्रमाला आहे, सभेच्या विषयाला नाही. तेव्हा तू उठायचे आणि अश्विनीने सिंथ-पॉप वाजवावे असे सुचवायचे. बाप म्हणून मला बोलता येत नाही, अध्यक्ष म्हणून मी परवानगी देईन. आक्काबाईंसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो म्हटले, तर म्हणाल्या, “बसायला कोन येतंय?” म्हणून खुर्च्या सगळ्याच काढणार आहे.

शेवटचे, आणि हे दीनावहिनींच्या हाती लागू देऊ नकोस : तू एक दिवस आधीच ये आणि ढोलकी घेऊन ये. चर्चमध्ये लागणार असली तरी मागून घे. अश्विनीने सांगितले आहे, की गाण्याची टाळी बाबा सुरू करतील, मंचावर, तिच्या शेजारी उभे राहून. आक्काबाई शिकवतील, पण मग संध्याकाळपर्यंत गावाला कळेल. वाकड्या तालावर मी अकरा वर्षे व्याख्याने दिली, शमुवेल. सांगताना सातच्या सात बरोबर येतात. टाळी धरली की पाचपर्यंत पोचतो, पुढच्या दोन कुठे जातात कळत नाही.