मल्लव्वाची हाक

तीर्थरूप आईस,

पिरनवाडीहून रचनाचा नमस्कार. मी बरी हाय, जेवणखाण वेळेवर होतं. तुझा गुडघा आता कसा हाय? फोनवर बोलताना कोण ना कोण जवळ असतं, म्हणून लिहितेय.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी दारात एक बाई ओरडली, "कसऽ, कसऽ." मला वाटलं, नव्या सुनेची विचारपूस चाललीया. मी पदर सावरून बाहेर गेले आणि म्हणाले, "बरी हाय." ती पंचायतीच्या कचरागाडीवरची मल्लव्वा. कन्नडात कस म्हणजे कचरा. ती लई हसली. तेव्हापासून ओल्या-सुक्याच्या बादल्या घेताना ती मुद्दाम मराठीत विचारते, "कसं हाय, आक्का?"

आता पंचायतीत ती गाडी बंद करायचं चाललंय. परवा ग्रामसभेत आमचे सासरेच म्हणाले, "ज्याचा कचरा त्यानं बघावा. आमच्या परड्यात उकिरडा हाय." मी मागनं उठले आणि म्हणाले, "नव्या प्लॉटातल्या घरांना परडं न्हाय. ती माणसं प्लॅस्टिक रस्त्याकडंला पेटवणार आणि धूर आपल्याच घरात येणार. गाडी पंचायतीनंच चालवावी."

निर्णय पुढच्या सभेत हाय. सासरे तेव्हापासून माझ्याशी बोलत न्हाईत. बोलतील, तू काळजी करू नको.

एक गोष्ट मात्र सभेत सांगितली न्हाय. दिवसभरात मला कसं हाय म्हणून विचारणारी मल्लव्वा एकटीच हाय. मी रोज तेच सांगते, बरी हाय.

तुझीच,
रचना