मध्यावर फोडलेला नारळ

२ नोव्हेंबर, रविवार
मैदानाचं उद्घाटन झालं एकदाचं. नारळासाठी मी सकाळीच शेडच्या पायरीवर दगड धुऊन ठेवला होता. संघाचे मालक, शेठ, आले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, मध्यावर घ्या ना, तिथं लाइट चांगला आहे." झालं. नव्या कोऱ्या लाकडी जमिनीवर, जिथून खेळ सुरू होतो बरोबर तिथंच, शेठनी नारळ आपटला. एका दणक्यात फुटला. सगळे टाळ्या वाजवत होते, मी फडकं शोधत होतो. फळीला खोक पडली, पाणी आत गेलं. सांगायला गेलो तर, "मॅनेजर, देवाचं पाणी हाय ते. मुरू द्या की."
मुरतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार
मुरलं. फळी फुगली. डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळते. पाचपाच जणांचा फुटबॉल, मैदान आखूड, चेंडू कायम जमिनीलगत. त्या जागी आला की टुणकन उडतो. आमचे कोच कोल्हापूरचे, जिभेला हाड नाही. "हितं स्पीडब्रेकर कुणी घातला? आता रिफ्लेक्टरबी लावा म्हणावं!"
गावच्या शाळेत आम्ही दर शनिवारी वर्ग सारवायचो. जमीन ओली कितपत करायची, हे तिसरीतल्या पोरालाही कळायचं.
बायको म्हणते, कंपनीचं स्टोअर सोडून ह्यात कशाला पडलात.  

९ नोव्हेंबर, रविवार
पहिला सामना घरचा. जिंकलो! शेवटच्या मिनिटाला समोरच्यांचा सरळ पास फुगवट्यावरून उडाला, आमच्या गणेशच्या पायात पडला, गोल. गणेश कॅप्टन, परभणीकडचा. कंपनीत पर्मनंट झाला होता, ते सोडून आलाय. पोरं नाचली. मीही हात जोडले, खोटं कशाला.
शेठ मात्र खाली उतरले, फळीला हात लावून कपाळाला लावला. "बघितलं का मॅनेजर? पावला!"
सुतार उद्या यायचा होता. त्याला फोन करून शेठनी मला नको म्हणायला लावलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी शेड उघडली तर फळीवर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सरावाआधी पुसून काढलं. हळदीवर बूट घसरला तर पोराचा गुडघा जाईल. दुपारी शेठचा फोन, पूजा कुणी पुसली? मी म्हणालो, मी.
आमची शेड म्हणजे जुनं गोडाऊन, शेठच्याच जमिनीवर. आधी ज्वारी, मग कंपनीचे खोके, आता पगारी संघ. नाही ऐकायची सवय त्यांना राहिली नाही आणि नाही म्हणायची मला कधी लागलीच नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
बाहेरगावी हरलो. वाईट हरलो. परतीच्या बसमध्ये शेठ: "तिथं आपली फळी न्हाई ना." कोच खिडकीबाहेर बघून म्हणाले, "व्हय, पुढच्या वेळी काखेत मारून नेऊ."

२३ नोव्हेंबर, रविवार
जे व्हायचं ते झालं. चेंडू घेऊन पळताना गणेशचाच पाय त्या फुगलेल्या फळीच्या कडेला अडकला. घोटा केवढा सुजलाय. हाड शाबूत आहे, पण लिगामेंट फाटलंय, प्लास्टर घालणार; हंगाम संपला. डॉक्टरकडे घोट्याला बर्फ धरून बसला होता. "काका, मायला सांगून आलोय, हे बी पर्मनंटच समज म्हणून."
सामनाही गेला. वर लीगचा माणूस पाहणीला. त्यानं पाणसळ ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. १४ डिसेंबरचा शेवटचा सामना घरचा आहे. तोवर जमीन सपाट झाली नाही तर सामना न खेळताच विरुद्ध संघाला देणार. आम्ही खालून दुसरे. तो सामना गेला की तळाला, आणि तळाचा संघ लीगबाहेर. म्हणजे सगळी पोरं घरी.

२६ नोव्हेंबर, बुधवार
शेठकडे जाऊन आलो. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटवर, बाराव्या मजल्यावर. "फळी हलायची न्हाई. त्या लीगवाल्याला काय कळतंय देवाधर्मातलं?" चहा घेतला आणि उठलो.
रस्ताभर डोकं तापलेलं. मी रोज गंध लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि आज देवाच्या नावानं माणसाचा इतका राग यावा? देव त्या फळीत असेल तर शेजारच्या फळीतही असणार. ती कुठं फुगली?

३० नोव्हेंबर, रविवार
बाहेरचा सामना, बरोबरी. चला.
सकाळी पूजेत निर्माल्य काढताना हात थांबला. आपण गणपतीसुद्धा कायमचा बसवत नाही. उत्तरपूजा करतो, अक्षता वाहतो, मूर्ती जागची जराशी हलवतो, की मोकळी. मग एका फळीला...

३ डिसेंबर, बुधवार
शेठ शेडवर आले होते. बोललो. आणला त्याला निरोप द्यायची रीत आपल्यातच आहे, शेठ. तुमच्या हातानं द्या. आम्ही कुणी सुतारकाम म्हणून उपटत नाही.
ते फळीजवळ उकिडवे बसले. म्हणाले, "आमचा बा ह्याच जाग्यावर पेरणीआधी नारळ फोडायचा. ढेकळावर." एवढंच.
मला हे माहीत नव्हतं. मी नुसता फोटोवाल्याला दोष देत होतो.
उठताना: "मग नदीत सोडायची. रीतसर."

७ डिसेंबर, रविवार
उत्तरपूजा झाली. चऱ्होलीच्या सुतारानं फळी अलगद काढली. सगळे इंद्रायणीवर. शेठ गुडघाभर पाण्यात, अंगावर नवा सदरा. सोडली. फळी चार हात गेली, गोल फिरली आणि परत त्यांच्या पायाशी. पुन्हा ढकलली. पुन्हा आली.
"बघा! तिलाच जायाचं न्हाई!"
मी म्हणालो, "शेठ, लाकूड आहे. तरंगणारच."
कोच घाटावरून ओरडले, "आमच्या पंचगंगेतबी तरंगतं ओ!"
शेवटी ओली फळी गाडीत घालून शेठनी घरी नेली. मैदानाच्या मध्यावर आता भोक. वर गोणपाट टाकून आलोय.

१० डिसेंबर, बुधवार
नवी फळी बसली. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. तळवा फिरवला, काही कळलं नाही. इतकं बरं वाटलं की तिथंच मांडी घालून बसलो.
जुनी फळी शेठच्या घरी वहिनींनी बाल्कनीत टाकून वर तुळशीची कुंडी ठेवलीय म्हणे. चांगली जागा मिळाली.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळ
शेठचा फोन पहाटेच. "मॅनेजर, नव्या फळीचा नारळ राह्यलाय. बिननारळाचं कसं खेळवायचं?"
पायरीवर फोडू, म्हणालो.
"बघू."
फोटोवाल्यालाही बोलावलंय.
लीगचा माणूस आत आहे. एकेक फळी तपासत मध्याकडे चाललाय, मग सही करणार. मी पायरी झाडली, दगड धुतला आणि दारात आडवा बसलोय. वही मांडीवर. गणेश कुबडी टेकत आला, शेजारी बसला, प्लास्टरचा पाय उंबऱ्यावर लांब केला. "राहू द्या काका. तसाबी आज दुसऱ्या कामाचा न्हाई हा पाय."
शेठच्या बानं ढेकळावर फोडला, ते ढेकूळ पाणी पिऊन घ्यायचं. लाकूड पिऊन फुगतं. हे त्यांना कसं सांगावं, कुठल्या शब्दात...
गेटवर हॉर्न. त्यांचाच.