दस्तावर नसलेलं नाव

कुंभकोणम, मंगळवार

दुपारी जागेच्या दलालांच्या बैठकीत मीच तावातावानं बोललो, "आपल्यासाठी वेगळा कायदा कशाला? आपला धंदा विश्वासावर चालतो." सगळ्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी रुक्मिणीअक्का आल्या. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इथल्या मेलकावेरी भागात जागा घेतली, ती मीच दाखवलेली. आता ती देवळाची निघाली. घर बांधता येणार नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "अण्णा, या तमिळ गावात तुम्ही आपल्या घरच्या मराठीत बोललात, म्हणून मी वकिलाला विचारलं नाही."

जागा दाखवली तेव्हाच मला ती देवळाची असल्याची कुणकुण लागली होती. तरी गप्प बसलो. का?

दस्ताची प्रत त्या इथेच ठेवून गेल्या. तिच्यात विकणाऱ्याचं नाव आहे, साक्षीदारांच्या सह्या आहेत, दस्त लिहिणाऱ्याचा परवाना क्रमांकसुद्धा आहे. माझं नाव कुठेच नाही. इतकी वर्षं मला हेच सोयीचं वाटत आलं.

कायदा हवा. माझ्यासारख्यासाठीच हवा. पण तो येईपर्यंत अक्कांनी काय करायचं?

उद्या त्यांच्याबरोबर वकिलाकडे जातो. जागा मी दाखवली, ती देवळाची असल्याचं माझ्या कानावर होतं, असं लिहून देतो. खाली माझं नाव. पहिल्यांदाच.