भूल देताना बोलत राहायचं

६ जानेवारी

पोचले एकदाची कॉपर नेक गावाला. सरोवरावरचा मोठा पूल ओलांडल्यापासून बर्फ थांबला नाही, पण माझी म्हातारी गाडी कुरकुर न करता चालली. हॉस्पिटलनं दिलेली खोली धुलाईखान्याच्या बरोबर वर आहे, त्यामुळे पायाखालची जमीन सदा ऊबदार. टोलीडोतल्या माझ्या गारढोण घराच्या मानानं हा राजवाडाच. खिडकीतून सरोवर दिसतं म्हणतात. आज नुसतं पांढरं दिसलं.

अतिदक्षता विभागात इतकी वर्षं नर्स म्हणून राबल्यावर मी पुन्हा विद्यापीठात शिरले ते भूल देण्याचं शिक्षण घ्यायला. आई अजून विचारते की तू आहेस ती नर्सच राहणार ना, मग पुन्हा परीक्षा कसल्या देतेस. पुस्तकं झाली, रबरी पुतळ्यांच्या घशात नळ्या घालून झाल्या. आता इथं खऱ्या माणसांवर शिकायचं. या हॉस्पिटलात भुलीचा डॉक्टर नाही. गावातल्या झाडून सगळ्यांना एकच नर्स भूल देते, इर्मा कांगस. वर्गात तिचं नाव निघालं की आमच्या बाई खुर्चीत सरळ बसायच्या.

ऑपरेशन थिएटरची नर्स डॉटी हिनं माझ्यासाठी गरम पेस्टी, म्हणजे इथली मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, आणून ठेवली होती. म्हणाली, केचप लावून खा, ग्रेव्ही मागितलीस तर गावकरी तुला पुलापलीकडे सोडून येतील. मी खूष आहे. इथं आपलं जमणार.

९ जानेवारी

सगळे तिला नुसतं इर्मा म्हणतात. माझ्या तोंडून मिसेस कांगसच निघतं. त्या मला ‘पोरी’ म्हणतात. बुटक्या, रुंद, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी. हात असे की शीर सापडली नाही असं कधी होतच नाही.

एक गंमत मात्र आहे. रोग्याला गाढ झोप लागली की मिसेस कांगस त्याच्या कानाशी बोलायला लागतात, ते तो जागा होईपर्यंत. बर्फात कुणाची गाडी फसली, यंदा सरोवरात व्हाइटफिश मासे किती मिळाले, मोजा विणताना टाच कशी वळवायची. गाणं नाही, प्रार्थना नाही, नुसत्या गप्पा. सर्जन डॉ. ट्रेमेन आतडं हातात धरून मध्येच विचारतात, मग त्या गाडीचं पुढं काय झालं.

१४ जानेवारी

आज विचारलंच. इतक्या खोल भुलीत माणसाला काही ऐकू येत नाही, मेंदूपर्यंत काहीच पोचत नाही, असं आम्हाला शिकवलंय. मिसेस कांगस सुया मांडत होत्या. म्हणाल्या, पुस्तक लिहिणाऱ्याला कधी कुणी झोपवलेलं दिसत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की इथं आहेस तोवर तूही बोलायचं. लाज वाटली तरी बोलायचं. सुचलं नाही तर भिंतीवरचं कॅलेंडर वाच.

उद्यापासून बोलेन. गुण त्यांच्या हातात आहेत.

१७ जानेवारी

आज वेन हार्जूचा हर्निया. गावातले रस्ते मोकळे करणारा बर्फगाडीवाला. माणूस बडबड्या. मला म्हणाला, बाई, तुमचं वय तरी झालंय का दारू विकत घ्यायचं? मी म्हटलं, झालंय, आणि आता तुम्हाला त्याहून भारी माल देणार आहे. बायको लोरेन दारातून ओरडली की परत उठवू नका, घरात शांतता राहील. सगळे हसले.

ऑपरेशन अर्ध्यावर असताना बाळंतिणींच्या खोलीतून बोलावणं आलं. एकीची नाळ बाळाच्या आधी बाहेर आली होती. मला एकटीला सोडणं नियमात बसत नाही, पण तिथं दोन जीव होते. मिसेस कांगसनी जाताना माझं कोपर दुखेल इतकं दाबलं. म्हणाल्या, बोलत राहा.

मी बोलत होते. माझ्या गाडीबद्दल, आईच्या मांजराबद्दल. मग वेनचं प्रेशर एकदम घसरलं. औषध भरलं, सलाईन मोकळं सोडलं, डोक्याकडची बाजू खाली केली. प्रेशर वर आलं. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. त्या गडबडीत मी कधी गप्प झाले ते मात्र कळलं नाही.

कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. मला वाटलं डॉटी. छान आवाज होता, ऐकत राहावंसा. मान वर केली तर डॉटी नळाशी पाठमोरी उभी होती आणि डॉ. ट्रेमेन ओठ घट्ट मिटून टाके घालत होते. मी पुन्हा घाईघाईनं मांजराचं सुरू केलं. आवाज थांबला.

वेन नीट उठला. माझ्याकडे बघून म्हणाला, आभारी आहे. एवढंच. विनोद नाही.

मिसेस कांगस परत आल्या. बाळ वाचलं होतं. त्यांनी वेनच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

२१ जानेवारी

लोरेन हार्जू आली होती, बाह्यरुग्ण विभागात, मला शोधत. टाके छान आहेत, ताप नाही. मग तिनं टोपी काढून दोन्ही हातांत पिळायला सुरुवात केली. म्हणाली, मला वेडी म्हणू नकोस. घरी जो आलाय तो खूप शहाण्यासारखा वागतो. भांडत नाही, कुत्र्याला हाक मारत नाही. कुत्रा गोठ्यातून बाहेरच यायला तयार नाही. दुपारी मी पडले की तो येतो, पलंगाच्या कडेला बसतो आणि माझ्या कानाशी काहीतरी बोलत राहतो. शब्द कळत नाहीत. मी उठून त्याला हाकलायला हवं, पण ऐकत राहावंसं वाटतं. त्याचीच भीती वाटते गं.

मी तिला सांगितलं, भुलीनंतर काही दिवस माणसं बावचळतात. असं होतंही.

२३ जानेवारी

टाके बघायचं निमित्त करून हार्जूंच्या घरी गेले. भरदुपार, बर्फावर ऊन. वेन स्वयंपाकघरात हात मांडीवर ठेवून बसला होता, समोर काहीच नाही. लोरेन भिंतीला टेकून उभी. डोळ्यांखाली काळं. झोपत नाही म्हणाली, कॉफीवर आहे.

टाके उत्तम. मी निघाले तेव्हा वेन म्हणाला, प्रेशर पडल्यावर तुम्ही न घाबरता काम केलंत. डोक्याकडची बाजू खाली केलीत ते बरोबर केलंत. मग मान जराशी कलती करून विचारलं, पण मांजराची गोष्ट का थांबवलीत?

मी गाडीचं दार उघडलं. लोरेनला माझ्याबरोबर चल म्हटलं. ती म्हणाली, एकतीस वर्षांचा संसार आहे, त्याला टाकून कुठे जाऊ. तो कुठेतरी असेलच ना.

२४ जानेवारी

मिसेस कांगसना सगळं सांगितलं. त्या मला आपल्या घरी घेऊन गेल्या. कॉफी ओतली, वेलदोड्याचा ब्रेड कापला. रेडिओ मोठ्यानं चालू होता, बातम्या, मग जाहिराती, मग पुन्हा बातम्या. अंगणात त्यांचा नवरा आर्वो लाकडं फोडत होता. एका लयीत, न थांबता.

मिसेस कांगस म्हणाल्या, तो आर्वो नाही.

मग सांगत गेल्या, फार पूर्वी त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. भूल मीच दिली. तेव्हा मी मान खाली घालून गुमान काम करणारी मुलगी होते. आर्वो झोपला आणि त्याच्या जागी हा उठला. मला मारत नाही, दारू पीत नाही, बर्फ काढतो. पण मी झोपले की कानाशी येतो. रेडिओ लागला असला की लांब बसतो.

मी विचारलं, सोडून का नाही गेलात? त्या म्हणाल्या, मी गेले असते तर थिएटरात बोललं असतं कोण? अगं पोरी, भूल देऊन आपण माणसाला घराबाहेर काढतो आणि दार उघडं ठेवतो. त्या दारात कुणीतरी बोलत बसायला हवं. आर्वोनंतर इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही गेला नव्हता. वेन पहिला.

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. मी खिडकीबाहेर बघितलं. कुऱ्हाड थांबली होती आणि आर्वो आमच्याकडे बघत उभा होता.

२७ जानेवारी

विद्यापीठात फोन केला, मला दुसरीकडे पाठवा म्हटलं. बाईंनी कारण विचारलं. काय सांगू? म्हणाल्या, पहिल्यांदा एकटीनं सांभाळलं की असं दडपण येतंच. इर्माबरोबर शिकायला मिळणं म्हणजे नशीब, टिकून राहा.

शनिवारी निघणार आहे. पदवी गेली तरी चालेल. लोरेनला घेऊनच जाईन, खांद्यावर टाकून न्यावं लागलं तरी.

२९ जानेवारी

रात्रभर वादळ. गावाची वीज गेली. हॉस्पिटलचं वीज बनवायचं स्वतःचं यंत्र आहे म्हणून आम्हाला कळलंही नाही.

सकाळी चहा ओतताना माझ्या डोक्यात आलं. त्यांचा रेडिओ.

मिसेस कांगसचा फोन वाजत राहिला. रस्ता बंद, पायी जाणं अशक्य.

३० जानेवारी

आल्या. बर्फगाडीतून. गाडी वेन चालवत होता.

वेणी सोडलेली, चेहरा ताजातवाना, कितीतरी वर्षांनी झोप मिळाल्यासारखा. मला म्हणाल्या, सुप्रभात, मार्नी. पोरी नाही, नावानं, मार्नी.

एका म्हाताऱ्या आजीच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन होतं. भूल मी दिली, त्या शेजारी उभ्या. त्या गप्प. मी बोलले. आईबद्दल, शाळेबद्दल, कॅलेंडरावरचे सगळे वार, सगळे महिने, पुन्हा पहिल्यापासून. घसा फाटला. डॉटी म्हणाली, आज इर्माची शिष्या इर्मापेक्षा बडबडी झाली. मिसेस कांगसनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मायेनं. म्हणाल्या, पुरे आता. झोपू दे तिला.

मी थांबले नाही. आजी उठली ती शिव्या देत. आनंदानं रडले मी.

मिसेस कांगस मात्र माझ्याकडे बघत होत्या, लाकडं थांबवून आर्वो बघत होता तशा.

३१ जानेवारी

लोरेनला फोन केला. उद्या पहाटे तयार राहा म्हणायचं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, तुला उगाच त्रास दिला. आता मला छान झोप लागते.

आवाज तिचाच होता. मी फोन ठेवला.

पुन्हा बर्फ. पूल बंद केलाय म्हणतात.

संध्याकाळपासून बेंबीभोवती दुखतंय. भीतीनं असेल.

१ फेब्रुवारी

भीतीनं नाही. दुखणं उजवीकडे सरकलं. उलट्या. ताप. मला कुणी सांगायची गरज नाही, अपेंडिक्स आहे.

डॉ. ट्रेमेन म्हणाले, फुटायच्या आत काढायला हवं. हेलिकॉप्टर उडणार नाही, रस्ता नाही. घाबरतेस कशाला, इर्मा आहे की.

मी म्हटलं, पाठीतून इंजेक्शन द्या, मला जागं ठेवा. कंबरेखालचं बधिर झालं की बास. हट्ट धरला. ते म्हणाले, बरं बाई, तू म्हणशील तसं.

मिसेस कांगसनी पाठीत सुई घातली. काढली. पुन्हा घातली. त्यांना न सापडलेली जागा मी आजवर पाहिलेली नाही.

म्हणाल्या, सापडत नाही. पूर्ण भूल द्यावी लागेल.

डॉ. ट्रेमेननी होकारार्थी मान हलवली. त्यांनी कधी इर्माकडे अविश्वासानं बघितलंच नाही. का बघतील?

थिएटरात

डॉटीला सांगितलं सगळं. तिला वाटलं तापानं बरळतेय, पण माझा हात हातात घेऊन कबूल झाली. मी बोलेन गं, म्हणाली. तुला माझ्या तिन्ही नवऱ्यांच्या गोष्टी सांगते, तू कंटाळून उठशील. तिनंच ही रोजनिशी हातात राहू दिली. लिहीत राहा, बरं वाटेल, म्हणाली.

शिरेतून काहीतरी सोडलंय. पेन्सिल जड—

डॉटी बोलतेय. पहिला नवरा, मासेमारीची होडी. बोल, डॉटी, थांबू नकोस.

डॉ. ट्रेमेननी तिला बाहेर पाठवलं. रक्ताच्या पिशव्या आणायला. लगेच येते म्हणाली. ती येईपर्यंत मीच बोलणार, माझं नाव मार्नी प्रुसाक, माझी आई टोलीडोत, मांजराचं नाव

मिसेस कांगस माझ्या डोक्याशी उभ्या आहेत. मास्क गळ्यात लोंबतोय. त्या बोलतायत माझ्याशी, बरं झालं, किती छान आवाज, होडीची पुढची गोष्ट तशीच—

पण ओठ मिटलेले आहेत त्यांचे. मी बघतेय, मिटलेले, आणि आवाज इकडून, माझ्या कानाच्या आत